एका आवाजाचें माहात्म्य

थोर पुरुषाची मूर्ति एकदां देव्हाऱ्यांत बसविली कीं त्याचें चरित्र वाचण्याचे कष्ट वांचतात. अमेरिकन नभोवाणी व दूरचित्रवाणी यांवरील विख्यात वार्ताहर एडवर्ड मर्रो याच्या वांट्यास सध्यां हेंच भाग्य आलें आहे. २००५ सालीं त्याच्यावर ‘गुड नाइट, अँड गुड लक’ या नांवाचा चित्रपट निघाला. त्यावरून रचलेलें नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें, आणि ७ जून २०२५ रोजीं त्याचा प्रयोग दूरचित्रवाणीवरून थेट दाखविण्यांत आला. तेव्हांपासून आमच्या सुशिक्षित मंडळींच्या बैठकींत एक सुस्कारा वरचेवर ऐकूं येतो : ‘असा एक तरी निर्भय पुरुष आपल्याकडे निपजता तर!’ कम्युनिस्टपणाचा आळ घेऊन माणसांस आयुष्यांतून उठविणाऱ्या सिनेटर जोसेफ मॅकार्थीला मर्रोनें एका रात्रींत, अर्ध्या तासांत लोळविलें, अशी ही कथा. ती गोड आहे. परंतु खरी नाहीं. आणि ती खरी मानण्यांत आपली फार मोठी सोय आहे, म्हणूनच तिचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

मर्रोची योग्यता कमी लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. १९०८ सालीं नॉर्थ कॅरोलायनांत जन्मलेल्या या मनुष्यानें वृत्तपत्रांत उमेदवारी अशी कधीं केलीच नव्हती. १९३५ मध्यें सी. बी. एस. कंपनीनें त्यास नोकरीस घेतलें तें इतरांचीं व्याख्यानें जुळवून आणण्यासाठीं. मार्च १९३८ मध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला, त्या वेळीं तो व्हिएन्ना गांठून स्वतःच बोलूं लागला, आणि वार्ताहर झाला. १९४० च्या बाँबवर्षावांत लंडनच्या गच्चीवर उभा राहून तो जें दिसे तेवढेंच सांगे. एप्रिल १९४५ मध्यें बुखेनवाल्डच्या छावणींतील प्रेतांच्या राशींचें त्यानें केलेलें वर्णन ऐकावें. त्यांत विशेषणें शोधावीं लागतात. आमच्याकडे हल्लीं बातमी सांगणारास घसा कोरडा पडेपर्यंत ओरडावें लागतें, हें पाहतां त्याचा हा एकच गुण वर्षभर शिकविण्याजोगा आहे.

आतां त्या प्रसिद्ध रात्रीकडे वळूं. ९ मार्च १९५४ रोजीं ‘सी इट नाऊ’ या कार्यक्रमांत मर्रोनें मॅकार्थीचींच भाषणें, त्याचेंच हंसणें, त्याच्याच उलटतपासण्या लोकांपुढें मांडल्या. पण मॅकार्थीचा धुमाकूळ तर १९५० च्या फेब्रुवारींतच सुरू झाला होता! त्याच वर्षीं व्यंगचित्रकार हर्बलॉकनें ‘मॅकार्थीइझम’ हा शब्द रूढ केला; १ जून रोजीं मार्गारेट चेस स्मिथ या बाईंनीं, मॅकार्थीच्याच पक्षाच्या सभासद असतां, सिनेटमध्यें उभें राहून त्या प्रकाराचा निषेध केला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सी. बी. एस.नें आपल्या नोकरांपुढें राजनिष्ठेचा छापील कागद ठेवला, तेव्हां मर्रोनें त्यावर मुकाट्यानें सही केली. भक्तांच्या पोथींत हा अध्याय सहसा नसतो.

आम्हांस विचाराल तर मर्रोचें खरें धाडस २० ऑक्टोबर १९५३ चें. मायलो रादुलोविच नांवाचा मिशिगनमधील एक तरुण हवाई दलाच्या राखीव सैन्यांत लेफ्टनंट होता. त्याच्या स्वतःच्या निष्ठेविषयीं कोणासच शंका नव्हती. पण बाप सर्बियन वृत्तपत्र वाचतो, बहिणीचीं राजकीय मतें संशयास्पद आहेत, एवढ्यावरून त्यास काढून टाकण्याचें ठरलें. पुरावा बंद पाकिटांत, आणि तें पाकीट उघडावयाचें नाहीं! बाप बोलला, बहीण बोलली, शेजारी बोलले. मर्रोनें त्यांस बोलूं दिलें. या कार्यक्रमाची जाहिरात देण्यास कंपनीनें नकार दिला, तेव्हां मर्रो व त्याचा सहकारी फ्रेड फ्रेंडली यांनीं पदरचे पैसे घालून ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें छापविली. सुमारें पांच आठवड्यांनीं हवाई दलानें रादुलोविचला ठेवून घेतलें. एका अप्रसिद्ध माणसाची भाकरी वांचली. म्हणूनच कीं काय, या गोष्टीचें कोणी विशेष कौतुक करीत नाहीं.

मॅकार्थी पडला तो एका वाणीनें नव्हे. २२ एप्रिलपासून १७ जूनपर्यंत सैन्याच्या प्रकरणाची चौकशी चालली. ती दूरचित्रवाणीवर लोकांनीं तासन् तास पाहिली. २ डिसेंबर १९५४ रोजीं सिनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं त्याचा निषेध केला.

मर्रोचा आवाज तरी कोणीं बंद केला? मॅकार्थीनें नव्हे. ७ जून १९५५ रोजीं त्याच कंपनीवर, त्याच्याच कार्यक्रमाच्या अगोदरच्या वेळेस, चौसष्ट हजार डॉलरांच्या बक्षिसाचा प्रश्नोत्तरांचा खेळ सुरू झाला. देश त्यावर लुब्ध झाला. पैशाचा ओघ कोणीकडे आहे हें कंपनीस कळलें. ॲल्युमिनियमचा व्यापार करणारा त्याचा जाहिरातदार त्याच सुमारास निघून गेला, ‘सी इट नाऊ’चा आठवड्याचा वार गेला, जुलै १९५८ मध्यें कार्यक्रमच संपला. तो खेळ पाहणारे लोक कोण होते? मर्रोस मान डोलावणारींच सुशिक्षित कुटुंबें! (मर्रो स्वतःही ‘पर्सन टु पर्सन’मधून नटनट्यांच्या दिवाणखान्यांत डोकावत होता, हेंही येथें सांगितलें पाहिजे.) तेव्हां बातमीसाठीं दमडी न मोजतां, सायंकाळीं आरडाओरड चवीनें पाहून, रात्रीं जेवतांना ‘आपल्याकडे मर्रो नाहीं’ म्हणून हळहळणाऱ्या आमच्या गृहस्थांस आम्ही विचारतों, तो उद्यां उपजला तर त्यास तुम्ही किती दिवस पोसाल?

ऑक्टोबर १९५८ मध्यें शिकागो येथें मर्रोनें आपल्याच व्यवसायबंधूंस व धन्यांस खडे बोल सुनावले. नोव्हेंबर १९६० मध्यें ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ या बोलपटांत अमेरिकेंतील शेतांवर राबणाऱ्या फिरत्या मजुरांचें दैन्य त्यानें दाखविलें. पुढें दोन महिन्यांनीं अध्यक्ष केनेडींच्या बोलावण्यावरून तो सरकारी प्रचारखात्याचा प्रमुख झाला. आणि खुर्चीवर बसतांच, परदेशांत देशाची नाचक्की नको म्हणून, हाच बोलपट दाखवूं नये अशी गळ त्यानें बी. बी. सी.स घातली. जाहिरातदार नसलेल्या, लोकांच्या परवानाशुल्कावर चालणाऱ्या त्या संस्थेनें ती मानली नाहीं, आणि बोलपट ब्रिटनमध्यें दाखविला गेला.