दूरदर्शन ते वेब सिरीज : मुलं काय बघतात?



मागच्या पालकसभेत एक आई म्हणाल्या, "मॅडम, तो आमचं ऐकत नाही, मोबाईल बघू नको म्हणून तुम्हीच सांगा." मी मान डोलावली. पण नुसतं 'बघू नको' म्हणून भागतं का?

१९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागलं. एकच वाहिनी, ठरलेली वेळ, समोर सगळं घर (आणि शेजारीसुद्धा!). ५ सप्टेंबर २०१६ ला, म्हणजे नेमकी शिक्षक दिनी, जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झालं. त्याच वर्षी भारतीय डिजिटल पार्टीची, म्हणजे आपल्या 'भाडिपा'ची 'कास्टिंग काउच विथ अमेय अँड निपुण' यूट्यूबवर आली. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी ही पुण्याच्या नाटकात घडलेली मंडळी. पुढे २०१९ मध्ये एमएक्स प्लेअरवर 'आणि काय हवं', 'पांडू' आल्या.

पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या साताऱ्याकडची 'गावाकडच्या गोष्टी' आणि बारामती तालुक्यातली 'चांडाळ चौकडीच्या करामती'. का, ते सांगते. माझ्या वर्गात कामासाठी गाव सोडून पुण्यात आलेल्या घरांतली बरीच मुलं आहेत. तिसरीतला एक मुलगा तोंडच उघडायचा नाही. तो 'न्हाई' म्हणाला की बाकीची मुलं हसायची, आणि मी लगेच "न्हाई नव्हे, नाही म्हण" असं दुरुस्त करायचे. मग तो गप्पच. 'माझा आवडता कार्यक्रम' या विषयावर बोलायची वेळ आली, तेव्हा त्याने 'चांडाळ चौकडी'तला एक प्रसंग हातवारे करून, आपल्या बोलीत सांगितला. तब्बल पाच मिनिटं! वर्ग तेव्हाही हसला, पण त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर. माझी दोन वर्षांची 'शुद्ध बोल' मोहीम त्याला जे देऊ शकली नाही, ते त्या मालिकेने दिलं, हे मला मान्य करावं लागलं.

याचा अर्थ सगळं चांगलंच आहे असं नाही. काही मालिकांत शिव्यांचा नुसता पाऊस असतो, आणि एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी ओटीटीवर ७+, १३+, १६+ असे वयोगट दाखवणं बंधनकारक केलं. पण यूट्यूबवर कुणीही टाकलेल्या व्हिडिओला असा वयोगट लावावाच लागतो असं नाही. तिथे घरातल्या मोठ्यांनाच बघावं लागतं. आठवड्यातून एक भाग मुलाबरोबर बसून बघा, आणि नंतर त्यालाच गोष्ट सांगायला लावा. भाषेच्या तासाला आम्ही तरी दुसरं काय करतो?

त्या आईंना पुढच्या सभेत मी एवढंच विचारणार आहे, "तो नक्की काय बघतो, माहीत आहे का तुम्हाला?" माझ्या वर्गातली मुलं काय बघतात, हे मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.