घरात एकटा कोण?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की मावळात दोन हालचाली एकाच वेळी सुरू होतात. मुंबई आणि पुणे या दोन्ही बाजूंनी मोटारींच्या रांगा लागतात आणि लोणावळ्यापासून पवनेच्या जलाशयापर्यंतचे बंगले दिव्यांनी उजळून निघतात. त्याच सुमारास कामशेत, पवनानगर, बेडसे या बाजूच्या गावांतील स्त्रियापुरुष त्या बंगल्यांकडे कामाला निघतात. पहिल्या हालचालीची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. दुसरीची दखल कोणी घेत नाही.

गेल्या डिसेंबरात अशाच एका संध्याकाळी बेडसे येथे एका साथीच्या घरी मुक्काम होता. बैठक आटोपली होती. गावातील दहाबारा मुले ओटीवर जमली होती आणि त्यांनी दूरदर्शन संचावर एक चित्रपट लावला होता. चित्रपट अमेरिकन, बोली हिंदीत केलेली, नाव 'होम अलोन'. नाताळच्या सुट्टीत आईबापांच्या गडबडीत एक आठ वर्षांचा मुलगा घरीच राहून जातो आणि घर फोडायला आलेल्या दोन चोरांना एकटा पळता भुई थोडी करतो, अशी ही विनोदी कथा. आम्हीही बसलो. चित्रपटापेक्षा तो पाहणाऱ्यांनी मला अधिक विचार करायला लावले, म्हणून हे टिपण.

प्रथम चित्रपटाविषयी. ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेला आणि जॉन ह्यूज यांनी लिहिलेला हा चित्रपट १९९० साली प्रदर्शित झाला. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून तो निर्माण झाला आणि जगभरात त्याने ४७ कोटी डॉलरहून अधिक मिळविले. समीक्षकांचे मत तेवढे अनुकूल नव्हते. कथा अविश्वसनीय आहे, असे रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या मान्यवर समीक्षकाने म्हटले होते. प्रेक्षकांनी मात्र हा निकाल मानला नाही. पोलंडमध्ये नाताळात हा चित्रपट दाखविण्याची प्रथाच पडली आहे. २०१० साली तेथील एका दूरचित्रवाणी वाहिनीने तो कार्यक्रमातून वगळला, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी निषेध नोंदविला आणि वाहिनीला माघार घ्यावी लागली. २०२३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत त्याचा समावेश झाला. म्हणजे तीन दशकांनंतरही लोक तो पाहतात आणि त्यावर बोलतात. ज्या गोष्टीवर इतके लोक बोलतात, तिच्याकडे राजकीय कार्यकर्त्याने पाठ फिरवू नये.

आमच्यातील एका तरुण साथीने पाठ फिरविली होती. चित्रपट संपताच तो म्हणाला, "हा भांडवलशाहीचा पाळणा आहे. खासगी मालमत्तेचे रक्षण करणारा नायक आणि मालमत्ता नसलेले ते चोर. लहान मुलांना हे पाजले जाते आणि आपण हसत बसतो." त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. शिकागोच्या उपनगरातील ते प्रचंड घर, पंधरा माणसांचे पॅरिसला जाणे, हा थाट सर्वसामान्य अमेरिकन कुटुंबाचाही नव्हे. २०२३ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने हाच प्रश्न शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांपुढे ठेवला होता. असे घर परवडणारे कुटुंब त्या शहरातील वरच्या एक टक्क्यात मोडेल, असा त्यांचा हिशेब निघाला. चित्रपट मात्र हे कुटुंब 'कोणत्याही घरासारखे घर' म्हणून दाखवितो. एक टक्क्याचे जीवन सर्वांचे जीवन म्हणून मांडणे हे बाजारी कलेचे जुने कौशल्य आहे.

तथापि तेवढ्यावर थांबणारी टीका मला अपुरी वाटते, किंबहुना धोक्याचीही वाटते. याच चित्रपटात, पॅरिसला पोहोचलेले नातलग दूरदर्शनवर एक जुना चित्रपट पाहत असल्याचे दृश्य आहे. तो फ्रँक काप्रा यांचा १९४६ सालचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. त्यात लोभी सावकाराला खलनायक केले म्हणून १९४७ साली अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने त्या चित्रपटावर साम्यवादी प्रचाराचा संशय नोंदविला होता. एका बाजूचे हेर हसऱ्या चित्रपटात क्रांती शोधतात. आपणही त्यांच्यासारखे हेर होऊन प्रत्येक हसण्यात प्रतिक्रांती शोधू लागलो, तर लोक आपल्यासमोर हसणे बंद करतील आणि मग बोलणेही बंद करतील.

लोक का हसतात, हे पाहिले पाहिजे. ओटीवरची मुले चोर घसरून पडल्यावर हसत होती. मोठ्यांच्या जगात लहानांचे काही चालत नाही. येथे प्रथमच मोठे पडत होते आणि लहान उभा होता. यात मालमत्तेचा विजय किती आणि दुबळ्याचा विजय किती? मुलांनी दुसरा पाहिला. चोरांपैकी एक जण आरंभी पोलिसाचा गणवेश घालून घराची टेहळणी करून जातो. त्या दृश्याला मुलांपेक्षा म्हातारी माणसे अधिक हसली. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कापडं बघूनच घरात घेतला म्हणा की!" भाष्य म्हणून हे एक वाक्य पुरेसे होते.

चित्रपटाची दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. मुलगा मागे राहिला हे विमानात लक्षात आल्यावर आई जिवाच्या आकांताने परत निघते. विमान कंपन्यांच्या खिडकीपाशी तिला जागा मिळत नाही. अंगावरचे दागिनेसुद्धा ती देऊ करते. शेवटी तिला घरापर्यंत आणतात ते भाड्याच्या गाडीतून हिंडणारे फाटके वादक. पैशाने जे मिळाले नाही ते परक्या माणसांच्या सौजन्याने मिळते. गल्लीतील मुले ज्याला खुनी समजून घाबरतात तो म्हातारा शेजारी प्रत्यक्षात मुलाशी दुरावलेला एकाकी बाप असतो आणि अखेरीस तोच लहानग्याला वाचवितो. माणूस माणसावाचून जगू शकत नाही, ही गोष्ट त्या चित्रपटाने आपल्या पद्धतीने सांगितली आहे. समाजवाद्यांनी ती नाकारण्याचे कारण नाही.

मग उणीव कोठे आहे? ती मला तात्यांनी दाखविली. तात्या गावातले, वय साठीच्या पुढचे. पवनेकाठच्या एका बंगल्यावर राखणदारीला असतात. ज्या जमिनीवर तो बंगला उभा आहे, ती कधी काळी त्यांच्या चुलत्याची होती. चित्रपटभर ते गप्प होते. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "एवढं मोठं घर, अन् राखायला माणूस नाय?"

सगळे हसले. मला मात्र हा प्रश्न सोडवेना. वस्तुतः त्या चित्रपटात श्रमणारी माणसे आहेत. पहाटे सामान वाहून विमानतळावर नेणारे चालक आहेत, दुकानात हिशेब करणारी मुलगी आहे, दाराशी खाद्यपदार्थ आणून देणारा पोरगा आहे. तो पोरगा तर चित्रपटातील बंदुकीचा आवाज खरा समजून जीव घेऊन पळतो आणि त्यावरही विनोद होतो. ही माणसे क्षणभर दिसतात आणि नाहीशी होतात. त्यांचा नाताळ कोठे आहे, त्यांची मुले त्या रात्री कोणाजवळ आहेत, हे कोणी विचारीत नाही. घर एवढे मोठे, ते झाडून कोण काढते, हेही चित्रपट सांगत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे घर राखले त्यालाच ही रिकामी जागा दिसली.

त्या ओटीवरच्या मुलांतच उत्तर बसले होते. त्यांतल्या सात-आठ मुलांच्या आया त्या रात्री बंगल्यांवर होत्या. कोणी स्वयंपाकाला, कोणी भांड्यांना, कोणी साफसफाईला. काहींचे बापही राखणीला. म्हणूनच तर ती मुले एका घरी जमली होती. चित्रपटात नाताळच्या सकाळी आई दारात येते तेव्हा नऊदहा वर्षांची एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "त्याची आई नाताळाला आली. माझी एक तारखेला येणार हाय." तक्रारीचा सूर नव्हता. वेळापत्रक सांगावे तसे तिने सांगितले.

शिकागोच्या मुलाला आईबाप चुकून विसरले, म्हणून ती विनोदी कथा झाली. मावळातील मुले घरी एकटी राहतात ती विसराळूपणामुळे नव्हे. इतरांचे कुटुंब एकत्र जमावे म्हणून यांचे कुटुंब विखुरते, अशी ही व्यवस्था आहे.

सुट्टी ही दान नव्हे, हक्क आहे, ही गोष्ट नाताळच्या वाङ्मयालाही ठाऊक आहे. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या प्रसिद्ध नाताळकथेत कंजूष मालकाला सर्वांत खटकते ते कारकुनाला द्यावी लागणारी एका दिवसाची भरपगारी सुट्टी. आणि महाराष्ट्राला तर यासाठी परदेशी कथेकडे जाण्याचीही गरज नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 'होम अलोन' प्रदर्शित झाला त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधीची ही गोष्ट. जी कुटुंबे आज शनिवार-रविवारी मावळात विश्रांतीला येतात, ती लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या सुट्टीवर येतात. त्यांच्या ताटात वाढणाऱ्या बाईला मात्र ती सुट्टी अजून मिळालेली नाही.

२०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. त्यात आठवड्यातून सलग चोवीस तासांच्या विश्रांतीची तरतूद आहे. भारताने त्याला अद्याप विधिवत मान्यता दिलेली नाही. महाराष्ट्रात २००८ सालचा घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम आहे, परंतु त्याचा भर नावाप्रमाणेच कल्याणावर आहे. बंगल्यावरील बाईच्या कामाचे तास आणि सुट्टी मालकाच्या मर्जीवरच राहिली आहेत.

मावळाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. पवना धरणासाठी येथील शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळत राहिला. धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे ठार झाले. त्यांत एक स्त्री होती. ज्या पाण्यासाठी ही माणसे मेली, त्याच पाण्याकाठी आज बंगल्यांतून आतषबाजी होते. भूमिपुत्र तेथे आहे, पण राखणदार म्हणून.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गावातूनच येईल. हा आठवडा म्हणजे आमचा हंगाम आहे, चार पैसे याच दिवसांत मिळतात, तुम्ही सुट्टीच्या गोष्टी करून आमचे काम घालवाल. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला व्याख्यानाने उत्तर देता येणार नाही. काम बंद करा, असे कोणीच म्हणत नाही. मागणी साधी आहे. सणाच्या दिवसांचा दर दुप्पट असावा. रात्रीचे काम पाळीने असावे, म्हणजे एकाच घरातील आई आणि बाप दोघेही एकाच रात्री बाहेर राहणार नाहीत. आठवड्यातून एक दिवस मोकळा असावा. हे सारे तोंडी न राहता कागदावर असावे. एकट्या बाईने हे मागितले तर उद्या तिच्या जागी दुसरी येईल. चार गावांतील बायांनी मिळून मागितले तर मालकाला दुसरी कोठून मिळणार? हंगाम त्यांना जितका हवा आहे तितकाच मालकांनाही हवा आहे. गिरणी कामगारांनी १८९० साली हेच ओळखले होते.

पक्षाच्या मावळातील शाखांनी येत्या दिवाळीनंतरच या कामाला लागावे, अशी माझी सूचना आहे. बंगल्यांवर काम करणाऱ्यांची गावनिहाय यादी करावी, मंडळाकडील नोंदणी पुरी करून घ्यावी, दर आणि पाळ्या ठरविण्यासाठी त्यांची सभा घ्यावी. आणि डिसेंबरच्या त्या शेवटच्या आठवड्यात, निदान या वर्षी, गावोगावी संध्याकाळी मुलांना एकत्र जमवावे. त्यांना जेवू घालावे, चित्रपट दाखवावा, हाच दाखविला तरी हरकत नाही. फक्त चित्रपट संपल्यावर कार्यकर्त्याने आधी बोलू नये. तात्यांना आणि आजींना बोलू द्यावे.

आमचा तो तरुण साथी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीच्या घरी गेला होता. तिची आई केव्हा परतते हे विचारायला तो गेला होता, असे नंतर कळले. एक तारखेला संध्याकाळी ती परतली. यादीतले पहिले नाव त्याने तेव्हाच लिहून घेतले.