कॅमेऱ्याची पारख

छायाचित्रणाच्या प्राथमिक वर्गात नाव घातले की काही ठिकाणी पहिलीच सूचना मिळते : रोलचा, सर्व काही हाताने जुळवावे लागणारा कॅमेरा आणावा. मोबाइलवर दिवसाला शंभर छायाचित्रे टिपणाऱ्या मुलांना ३६ छायाचित्रांचा रोल कशाला, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडणे साहजिक आहे. परंतु अ‍ॅपर्चर किती उघडावे, शटर किती वेळ उघडे राहावे, हा हिशेब येथे विद्यार्थ्यालाच मांडावा लागतो. प्रत्येक चुकीला पैसे पडतात, म्हणून तो लवकर पक्का होतो.

असे कॅमेरे आता बहुधा जुनेच घ्यावे लागतात. १९७६ साली आलेला ‘पेंटॅक्स के१०००’ दीर्घकाळ विद्यार्थ्यांचा कॅमेरा म्हणून ओळखला गेला. त्याचे शटर यांत्रिक आहे. सेल लागतो तो केवळ प्रकाशमापकासाठी. १९८२ चा ‘निकॉन एफएम२’ याच जातीचा. ‘कॅनन एई-१’ हाही नामांकित कॅमेरा, पण सेल संपला की त्याचे शटर उघडत नाही.

नावापेक्षा वस्तूची पारख महत्त्वाची. मागचे झाकण उघडून शटर एक सेकंदावर व नंतर १/१००० वर चालवून पाहावे. दोन्हींतील फरक डोळ्यांना व कानांना कळला पाहिजे. लेन्स उजेडासमोर धरावी. दमट हवेत राहिलेल्या काचेत कोळिष्टकासारखी बुरशी धरते, आणि तिने खाल्लेली काच पूर्ववत होत नाही. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झालेला असला, तर तो मात्र थोड्या खर्चात बदलता येतो. सेलच्या खोबणीत गंज नसावा. खिडकीकडून अंधाऱ्या कोपऱ्याकडे कॅमेरा वळवताच प्रकाशमापक हालचाल दाखवतो की नाही, हेही पाहावे.

यानंतर एक प्रश्न उरतो, आणि जैन कुटुंबात तो खरे तर सर्वांच्या आधी विचारला जावा. रोलवरील प्रकाशग्राही चांदीचे कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात, आणि हे जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढतात. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरांनी ही रीत मांडली. रोलमध्ये आजही तेच वापरले जाते. अंधाऱ्या खोलीत छायाचित्रे छापण्याच्या कागदावरही जिलेटिनचाच थर असतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवी खूण शोधता येते. रोलच्या डबीवर तशी सोय नाही. कॅमेरा एकदाच घेतला जातो, रोल मात्र पुनःपुन्हा घ्यावा लागतो. त्यामुळे हा प्रश्न दर खरेदीला समोर येतो. जुन्या कॅमेऱ्यासोबत मिळणारे आवरणही अनेकदा चामड्याचे असते.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वीच शिक्षकांना विचारावे : डिजिटल कॅमेरा ‘एम’ या खुणेवर ठेवून, त्यावर हा अभ्यास करता येईल का? तेथेही अ‍ॅपर्चर व शटर विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. दिवसाला ३६ छायाचित्रांची मर्यादा घालून घेतली आणि पडद्यावर कागद चिकटवला, तर रोलची शिस्तही बरीचशी साधते.

मालाचा भाव ठरवण्याआधी तो कशाचा घडला आहे हे विचारणे, ही पेढीवरची जुनी रीत आहे. शिकणाऱ्या मुला-मुलींना ही माहिती आधी द्यावी आणि मग निर्णय त्यांच्यासोबत बसून घ्यावा. पहिला रोल संपल्यानंतर ती कळली, तर मनाला लागून राहते.