स्वदेशी (हिप-हॉप गट)

स्वदेशी हा मुंबईतील बहुभाषिक हिप-हॉप गट होय. गटात एमसी मवाली मराठी व हिंदीत, तर एमसी तोडफोड (धर्मेश परमार) गुजरातीत रॅप करीत. अमरावतीच्या '१०० आरबीएच' यांनी त्यात वऱ्हाडी बोलीची भर घातली. 'गली बॉय' (२०१९) चित्रपटातील 'इंडिया ९१' या गीतात तोडफोड व १०० आरबीएच यांचा सहभाग होता. तथापि गटाचे खरे मोल 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) मध्ये दिसते. मुंबईतील आरेचे जंगल व तेथील आदिवासी पाडे हा या गीताचा विषय. मवालींच्या मराठी रॅपला त्यात वारली कलावंत प्रकाश भोईर यांच्या स्वराची साथ आहे. आदिवासींविषयी गाणे निराळे आणि त्यांच्यासह गाणे निराळे. भिली, पावरी बोलणाऱ्या नंदुरबारच्या श्रोत्यास हा भेद सांगावा लागत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रो-३ च्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाचा मनाई आदेश आला तो त्यानंतर. २०२० मध्ये गटाचा 'चेतावनी' हा अल्बम प्रसिद्ध झाला. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, तोडफोड यांचे निधन झाले आणि गटाचा गुजराती आवाज हरपला.