शेअरला राखणदार, शेतमालाला कुलूप



भंडाऱ्याच्या बैठकीत शेअर बाजाराची पंचाईत कशाला, असे कोणी विचारील. मुंबईच्या शेअर बाजाराची राखण करणाऱ्या सेबीकडेच 28 सप्टेंबर 2015 पासून शेतमालाच्या वायदे बाजाराचीही किल्ली आहे, म्हणून.

एकाच राखणदाराचे दोन न्याय पाहा. 1992 साली हर्षद मेहताचा घोटाळा उघडकीला आला. बँकांचा पैसा शेअरात गेला, भाव आभाळाला भिडले आणि कोसळले. शेअर बाजार बंद केला का? नाही. सेबीला त्याच वर्षी कायद्याचे बळ मिळाले, पुढे सौदे संगणकावर आले. 2001 साली केतन पारेखचे प्रकरण झाले. बदला बंद झाला, पण त्याच वर्षी शेअरचे वायदे सुरूही झाले. चोर शिरला तर कुंपण घालायचे, वावर पडीक टाकायचे नाही. रीत बरोबरच होती.

आमच्या वावराला ती का नाही? 2007 च्या जानेवारीत तूर-उडदाचे वायदे बंद केले. कपाशीत तुरीचे तास घेणाऱ्याला कोणी विचारले नाही. वायद्यांमुळेच महागाई झाली असे ठामपणे म्हणता येत नाही, हे 2008 साली अभिजित सेन समितीने सांगितले. तरी 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग, पामतेल आणि आपल्या भंडाऱ्याचा धान, सगळे एका फटक्यात बंद. वर्षभरासाठी म्हणून घातलेली ती बंदी 2025 पर्यंत पुन्हापुन्हा वाढवली गेली. 2022 साली रुईची खंडी लाखावर गेली तेव्हा गिरण्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये कापसाचे पुढच्या महिन्यांचे वायदे उघडणे थांबले, ते सुरू झाले 2023 च्या फेब्रुवारीत. तोवर निम्मी वेचणी उरकली होती.

आपल्यातला कोणी वायदे बाजारात स्वतः सौदा करतो असे नाही. पण पेरणीच्या वेळी काढणीच्या महिन्याचा भाव दिसतो, आणि खेडा खरेदीला आलेला व्यापारी भाव पाडून बोलला तर त्याच्यापुढे ठेवायला एक आकडा असतो. तो आकडाच पुसला जातो.

सटोडिये नाहीत असे आम्ही म्हणत नाही. 2013 साली एनएसईएलमध्ये सुमारे 5,600 कोटी रुपये अडकले, गोदामात मालच नव्हता. मग गोदामे तपासा, मार्जिन वाढवा, एकेकाच्या सौद्याला मर्यादा घाला. पगार त्याचाच आहे.

बैठकीत ठराव येईल तो एवढाच: शेतमालाचा वायदा बंद करायचा तर सेबीने आधी लेखी कारण आणि पुरावा द्यावा, आणि माल शेतकऱ्याच्या घरात असताना बंदी घालू नये.