खाडीच्या चिखलातला कार्बन

खाडीकाठच्या कांदळवनात कार्बनचा मोठा साठा झाडांपेक्षा त्यांच्या बुंध्याखालच्या चिखलात असतो. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते. चिखलातून बोटभर वर आलेल्या तिवराच्या श्वसनमुळांत त्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि त्यात पाने, फांद्या, मेलेली मुळे गाडली जातात. पृष्ठभागाखाली थोड्याच अंतरावर प्राणवायू संपत असल्याने कुजण्याची क्रिया रेंगाळते. तिथे खाऱ्या पाण्यातले सल्फेट वापरणारे जीवाणू काम करतात. काळ्या चिखलाला सडक्या अंड्यांचा वास येतो तो त्यांच्यामुळेच. मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर ते मात करतात, म्हणून गोड्या पाण्याच्या दलदलीपेक्षा इथून मिथेन सहसा कमी सुटतो. थरावर थर चढत जाऊन हा कार्बन शतकानुशतके टिकतो.

बांध घालून भरती अडवली किंवा चिखल उपसला, की त्यात हवा शिरते आणि साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो. लावलेली रोपे काही वर्षांत उंच होतात. गमावलेला चिखल तेवढ्यात भरून येत नाही. महाराष्ट्रात २०१२पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. त्याच्यासाठीही लागवडीचे आकडे मोजण्याआधी जुन्या वनातली भरती-ओहोटीची वाट मोकळी ठेवणे, हेच पहिले काम ठरते.