मुदतवाढीचे वरातीमागून घोडे

१५ सप्टेंबर २०२५ ची रात्र सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांना बराच काळ आठवत राहील. लेखापरीक्षणाची सक्ती नसलेल्या करदात्यांसाठी प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याचा तो अखेरचा दिवस. संकेतस्थळाच्या नावाने दिवसभर तक्रारी सुरू होत्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एका दिवसाची मुदतवाढ जाहीर केली. तोवर ७ कोटी ३० लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली होती. सवलत मिळाली ती जागरण घडून गेल्यावर.

शेवटच्या आठवड्यात बँकेचे उतारे पिशवीत भरून आणणारे अशील प्रत्येक कचेरीला परिचित आहेत. त्यांचा दोष नाकारता येणार नाही. पण विलंबाची सुरुवात वरूनच झाली होती. मूळ मुदत ३१ जुलैची. नमुन्यांत मोठे बदल केल्यामुळे २७ मे रोजी ती १५ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. तरीही भांडवली नफा किंवा व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांचे नमुने भरण्याची एक्सेल सुविधा ११ जुलैला उपलब्ध झाली. तेव्हा या पहिल्या मुदतवाढीला मेहेरबानी म्हणण्याचे कारण नाही.

करलेखापरीक्षण अहवालांचीही तीच गत. त्यांची मुदत ३० सप्टेंबर. राजस्थान आणि कर्नाटक उच्च न्यायालयांच्या आदेशांनंतर ती २५ सप्टेंबरला, म्हणजे अवघे पाच दिवस आधी, ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढविली गेली; पुढे १० नोव्हेंबर झाली. ज्यांनी पहिली तारीख प्रमाण मानून सप्टेंबरच्या रात्री कारणी लावल्या, ते मूर्ख ठरले. पुढच्या वर्षी तेही मुदतवाढीची वाट पाहतील आणि गर्दी पुन्हा अखेरच्या रात्रीच होईल!

या रात्रींचा भार प्रामुख्याने उमेदवारी करणाऱ्या मुलामुलींवर पडतो. त्यांच्यासाठी आठवड्याला ३५ तासांचा दंडक आहे. सप्टेंबरात तो कोण मोजतो? त्याच महिन्यात, ३ तारखेला, राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत कामाचे दैनंदिन तास नवावरून दहा आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तास करण्यास मान्यता दिली. जादा कामाला दुप्पट वेतनाची तरतूद आहे, हे खरे. मात्र त्यासाठी तासांची नोंद व्हावी लागते. २०२४ मध्ये पुण्यातील एका २६ वर्षीय सनदी लेखापाल तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या असह्य ताणाकडे बोट दाखविले. पुढे झालेल्या तपासणीत संबंधित कचेरीची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे उघड झाले. जिथे कचेरीचीच नोंद नाही, तिथे तासांची कोण ठेवणार?

तास मोजण्याची जबाबदारी राज्याच्या कामगार खात्याची. तारखा ठरविणे मात्र दिल्लीच्या हातात. नमुने आणि ते भरण्याची सुविधा जितके दिवस उशिरा येईल, तितके दिवस मुदत आपोआप पुढे सरकेल, असा नियम मंडळाला आजही करता येईल. मुदत वाढविण्याचे अधिकार त्याच्याकडे आहेतच; ते मध्यरात्री वापरण्याऐवजी जुलैत वापरावेत.